बेस कॅम्प: चढाई जिथे सुरू होते तिथे ट्रेक का संपतो?

सह्याद्रीत चार-पाच पावसाळे काढले, राजगड-तोरणा आणि हरिश्चंद्रगड झाले, की ट्रेकरच्या बोलण्यात कधीतरी ‘ईबीसी’ येतोच. एव्हरेस्ट बेस कॅम्प. नेपाळमधल्या लुक्लाला विमानाने उतरायचं, आठ-नऊ दिवस चालून ५,३६४ मीटरवर पोहोचायचं, पताकांशेजारी फोटो काढायचा आणि मागे फिरायचं. जरा विचार केला तर हा मुक्काम विलक्षण आहे. गिर्यारोहकाचं काम जिथे सुरू होतं, तिथे आपलं संपतं. शिवाय तिथून एव्हरेस्टचं शिखर धड दिसतही नाही, त्यासाठी जवळचा काला पत्थर चढावा लागतो. तरीही जगभरातून हजारो माणसं तिथवर चालत जातात. ही वाट रुळली ती गेल्या साठ-सत्तर वर्षांतच.

त्याआधी नेपाळ परक्यांना जवळजवळ बंद होता. १९२१ ते १९३८ दरम्यानच्या ब्रिटिशांच्या सातही एव्हरेस्ट मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे, उत्तरेकडून गेल्या. पुढे चीनने तिबेटचा ताबा घेतला आणि ती बाजू बंद झाली. नेमक्या त्याच सुमारास नेपाळवर राज्य करणाऱ्या राणा घराण्याची सत्ता डळमळली आणि काठमांडूचा दरवाजा किलकिला झाला. १९५० मध्ये ऑस्कर ह्यूस्टन हे अमेरिकी गृहस्थ, त्यांचा डॉक्टर मुलगा चार्ल्स, ब्रिटिश गिर्यारोहक बिल टिलमन, बेट्सी काउल्स या बाई आणि आणखी एक सोबती भारताच्या सीमेवरच्या जोगबनीहून निघून खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या दक्षिण पायथ्याच्या शेर्पांच्या मुलखात, पोहोचले. टिलमन आणि चार्ल्स खुंबू हिमनदीपर्यंत जाऊन परत आले. शिखर चढायचा बेत नव्हता, फक्त बघायचं होतं. माझ्या मते बेस कॅम्पचा पहिला ट्रेक हाच, आणि त्या चमूत एक स्त्री होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तीन वर्षांनी तेनझिंग आणि हिलरी माथ्यावर उभे राहिले. त्या मोहिमेला काठमांडूच्या खोऱ्यातून तेंगबोचेच्या मठापर्यंत पोहोचायलाच अडीच आठवडे लागले होते. साडेतीनशेच्या आसपास पोर्टर, शेर्पा, स्वयंपाकी, तंबू असा लवाजमा दऱ्याखोऱ्यांतून, गावांतून चालला होता. शिखराच्या बातमीत ही पायपीट झाकली गेली. तिचं मोल ओळखलं ते जिमी रॉबर्ट्स यांनी.

रॉबर्ट्स गुरखा पलटणीतले अधिकारी, जन्म १९१६ चा, गुजरातमधला. १९५३ च्या मोहिमेसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर पोहोचवायची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ती उरकून ते हिंकू खोऱ्यात भटकायला गेले आणि सेन तेनझिंग या शेर्पासोबत ‘मेरा’ नावाचं शिखर चढून आले. १९५७ मध्ये माछापुच्छ्रेची मोहीम त्यांच्याच नेतृत्वाखाली गेली. स्थानिकांना पवित्र असलेल्या या शिखराच्या माथ्यावर पाय न ठेवण्याचं वचन पाळून गिर्यारोहक साधारण ४५ मीटर खालूनच परतले. रॉबर्ट्स डोंगराकडे कसे बघत, ते यावरून कळतं. पुढे काठमांडूतल्या ब्रिटिश वकिलातीत नोकरी करून निवृत्त झाल्यावर १९६४ मध्ये त्यांनी ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही कंपनी काढली. कल्पना साधी होती: मोहिमेचा सगळा सरंजाम ठेवायचा आणि शिखर तेवढं वगळायचं. शेर्पा वाट दाखवतील, पोर्टर ओझी वाहतील, स्वयंपाकी पुढे जाऊन चूल पेटवेल, सकाळी तंबूच्या दाराशी गरम चहा येईल. १९६५ मध्ये त्यांनी पहिली तुकडी नेली ती तीन अमेरिकी स्त्रियांची. ‘ट्रेक’ हा शब्द मुळात दक्षिण आफ्रिकेतल्या बैलगाड्यांच्या लांब प्रवासाचा. तो हिमालयाला जोडला गेला आणि पुढे आपल्या गडकोटांनाही चिकटला.

खुंबूच्या बाजूने पाहिलं तर ही वेळ आणखी महत्त्वाची ठरते. शेर्पांचं पिढ्यान् पिढ्यांचं पोट नांगपा ला या ५,७०० मीटरहून उंच खिंडीतून चालणाऱ्या व्यापारावर होतं. तिबेटचं मीठ आणि लोकर इकडे येई, इकडचं धान्य तिकडे जाई. १९५९ नंतर तो व्यापार आटला. बटाट्याच्या शेतीवर आणि याकांवर गाव किती दिवस चालणार? अशा वेळी परदेशी पावलं वाटेवर उमटू लागली. घरातली एक खोली पाहुण्यांना, मग दोन, मग लाकडी लॉज, असं होत होत आजची टी-हाऊसं उभी राहिली.

लुक्लाची धावपट्टीसुद्धा पर्यटकांसाठी झाली नव्हती. हिलरींनी १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा काढली होती. पुढे खुंदेच्या दवाखान्याचं सामान पोहोचवायला विमानतळ हवा होता. सपाट शेतजमीन द्यायला शेतकरी तयार नव्हते, म्हणून १९६४ मध्ये लुक्लाच्या उतारावर धावपट्टी आखली गेली. माती दबावी म्हणून गावकऱ्यांना तिच्यावर पाय आपटत नाचायला लावलं होतं. डांबर पडलं ते थेट २००१ मध्ये. दवाखान्याच्या सामानासाठी उघडलेली ही वाट पुढे पर्यटकांनी भरून गेली.

या विमानाने चालण्याचे दिवस वाचवले, पण शरीराला लागणारा वेळ तेवढाच राहिला. महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. लुक्लाला पाऊल टाकतो तेव्हाच आपण २,८०० मीटरच्या वर असतो. भराभर वर गेलेली माणसं आजारी पडू लागली, दगावू लागली. १९७३ मध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली, फेरिचेला उपचार केंद्र आलं. वाटेवरच्या नामचे गावी दोन रात्री काढायच्या, दिवसा चढून झोपायला खाली यायचं, हे आज ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेले नियम त्या काळातल्या अनुभवातून रुजले. जळणासाठी जंगल तुटत होतं, म्हणून १९७६ मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं.

या वाटेवर लोक आता सोहळ्यांसाठीही येतात. कार्तिकाच्या सुमारास तेंगबोचेला मणि रिमदू भरतो, भिक्षू मुखवटे घालून मठाच्या अंगणात नाचतात. १९८९ मध्ये हा मठ आगीत जळला आणि पुन्हा बांधला गेला. हा उत्सव गावकऱ्यांचा आहे, आपण पाहुणे आहोत, एवढं भान ठेवून बसलं तर तो दिवस आयुष्यभर पुरतो. दुसरा सोहळा मॅरेथॉनचा. शिखरविजयाच्या पन्नाशीनिमित्त २००३ पासून २९ मे रोजी बेस कॅम्पहून नामचेपर्यंत ४२ किलोमीटरची शर्यत होते. धावपटूंना आरंभरेषेपर्यंत दोन आठवडे चालतच जावं लागतं.

२०१२ च्या मे महिन्यात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एकाच मोहिमेत एव्हरेस्टवर पोहोचले. माझ्या पाहण्यात तरी त्यानंतर ‘ईबीसी’ मराठी घरांतला ओळखीचा शब्द झाला.

लुक्लाच्या विमानांनी मात्र एक वाट ओस पाडली. ऐंशीच्या दशकात जिरी या गावापर्यंत गाडीरस्ता पोहोचला होता आणि ट्रेकर तिथून चालू लागत. १९५३ ची मोहीमही याच मुलखातून गेली होती. आडव्या डोंगरसोंडा एकामागून एक ओलांडायच्या, ३,५०० मीटरची लामजुरा खिंड चढायची, पुन्हा नदीपर्यंत उतरायचं. चैत्रात तिथले गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं, लालभडक फुललेले असतात. आता त्या मुलखात जीपचे रस्ते घुसत आहेत. आठवडाभर जादा रजा मिळत असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी जिरीचा नकाशा एकदा उघडून पाहा.