स्थानिक दूरचित्रवाणी वार्ताहर (अमेरिका)

एखाद्या शहरापुरत्या किंवा प्रदेशापुरत्या प्रक्षेपण केंद्रासाठी बातम्या मिळवून त्या कॅमेऱ्यासमोर सांगणारा पत्रकार. या व्यवसायातील बढतीची वाट अमेरिकेत विशेष ठळकपणे आखली गेली आहे, म्हणून येथे तेथील पद्धतीचाच विचार केला आहे.

नील्सन ही प्रेक्षकमापन संस्था अमेरिकेची २१० दूरचित्रवाणी क्षेत्रे मानते व दूरचित्रवाणी असलेल्या घरांच्या संख्येनुसार त्यांना क्रमांक देते. न्यूयॉर्क पहिल्या स्थानावर आहे, तर मोंटाना राज्यातील ग्लेंडाइव्ह अनेक वर्षे तळाशी राहिले आहे. नवखा वार्ताहर सहसा खालच्या क्रमांकाच्या क्षेत्रात रुजू होतो. नेमणूक करताना पदवीपेक्षा त्याची ‘रील’, म्हणजे निवडक कामाची छोटी चित्रफीत, अधिक पाहिली जाते.

लहान केंद्रात सोबत कॅमेरामन असेलच असे नाही. तिपाईवर कॅमेरा लावून चौकट ठरवणे, मग स्वतःच त्या चौकटीत जाऊन उभे राहणे, बाईट (लोकांच्या बोलण्याचे छोटे तुकडे) घेणे, निवेदन ध्वनिमुद्रित करणे आणि संकलन करून सायंकाळच्या बातमीपत्राआधी साधारण दीड मिनिटाचे पॅकेज, म्हणजे प्रक्षेपणासाठी तयार पूर्ण बातमी, देणे, हे सारे एकाच व्यक्तीचे काम असते. १९७०च्या दशकात १६ मिमी फिल्मची जागा व्हिडिओ टेपने घेतली. पुढे कॅमेरे हलके होत गेले, तशी ही एकहाती पद्धत शक्य झाली. तिच्या प्रसारामागे केंद्रांची काटकसरही तितकीच आहे.

पहिला करार बहुधा दोन-तीन वर्षांचा असतो आणि तो मध्येच मोडल्यास भरपाई मागितली जाऊ शकते. मुदत संपली की वरच्या क्रमांकाचे क्षेत्र शोधायचे, अशी रीत आहे. पुढे टॉक शोमुळे प्रसिद्ध झालेल्या ओप्रा विन्फ्री नॅशव्हिलहून १९७६ मध्ये बाल्टिमोरला आणि १९८४ मध्ये शिकागोला गेल्या. बाल्टिमोरमध्ये सायंकाळच्या मुख्य बातमीपत्राच्या सहनिवेदक पदावरून मात्र त्यांना काही महिन्यांतच हटवण्यात आले होते. या रीतीतला दोष उघड आहे. नगर परिषदेतले गट, न्यायालयातले कारकून, पोलिसांतले विश्वासू सूत्र यांची ओळख पक्की होते न होते, तोच वार्ताहर गाव सोडतो आणि नव्या ठिकाणी रस्त्यांच्या नावांच्या उच्चारांपासून सुरुवात करतो.

पुढे कोणी निवेदक होतो, कोणी शोधपत्रकारितेकडे वळतो, मोजके राष्ट्रीय वाहिन्यांत पोहोचतात. तुटपुंज्या वेतनामुळे व अवेळी पाळ्यांमुळे अनेकजण जनसंपर्काकडे जातात. पोलीस खात्यांचे आणि रुग्णालयांचे प्रवक्ते म्हणून माजी वार्ताहरांना मागणी असते.