‘घरचं वळणच नाही’ हे आलं कुठून?

कॉलेजचं पोरगं सायबर केसमध्ये सापडलं की आपल्या नागपुरात पहिलं वाक्य ठरलेलं, घरचं वळणच नाही बे. हे म्हणणं तसं जुनंच आहे. 1925 मध्ये लंडनच्या सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाने वाया गेलेल्या पोरांवर पुस्तक लिहिलं, त्यात घरातल्या बिघडलेल्या शिस्तीवर बराच जोर होता. मग 1969 मध्ये अमेरिकेत ट्रॅव्हिस हर्शी या समाजशास्त्रज्ञाने शाळेतल्या पोरांचा अभ्यास करून सांगितलं की बाप गरीब की श्रीमंत याने फारसा फरक पडत नाही, पोराचा आईबापावर जीव किती हे बघा. मला हेच पटतं.

इंटरनेट आल्यावर नायजेरियात ‘याहू बॉईज’ निघाले, सायबर कॅफेत बसून परदेशी लोकांना ईमेलवर गंडवणारे, त्यात कॉलेजची पोरं भरपूर. तिथल्या अभ्यासकांनी गरिबी, बेकारी लिहिली, आणि पोरगं पैसे आणतं तर कशाला विचारायचं म्हणणारी घरंही लिहिली.

आपल्याकडे आयटी कायदा 2000 चा, तेव्हा नेट म्हणजे कॅफेतलं केबिन आणि तासाचे पैसे, घरी कोणाला भ्याव नव्हतं. खरं चित्र 2016 मध्ये पालटलं, एप्रिलात यूपीआय आलं, सप्टेंबरात जिओ, आणि गोंदिया-गडचिरोलीहून येऊन रूम करून राहणाऱ्या पोराच्या खिशात बँकच आली. आता नवीन धंदा म्हणजे अकाउंट भाड्याने देणं. कोणीतरी ओळखीचा सीनियर म्हणतो, भाऊ फक्त पासबुक, एटीएम कार्ड आन सिम दे, काही हजार घे. पोराला वाटते आपण कोणाला फसवलंच नाही. पण लुटलेला पैसा त्याच खात्यातून फिरतो, कोणी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलीस आधी खातेदाराच्याच दारात, अन आयटी कायद्याचं कलम 66डी लागलं तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड.

यात घर चांगलं का वाईट हा प्रश्नच उरत नाही. बाप शेतकरी असो का मास्तर, पोराच्या खात्यात काय चाललं ते त्याला दिसतच नाही. त्याला कळते तेव्हा खातं फ्रीज झालेलं असते आणि पोरगं फोनवर म्हणत असते, बाबा, मेसचे पैसे या महिन्यात दुसऱ्याच्या नंबरवर टाका.