काकूंचं ‘मला नको’ आणि मूल्यांचं वर्तुळ

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग गच्चीवर भरली होती. बिल्डरचा कागद हातोहात फिरत होता. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस फंड किती, भाडं किती महिने. संमतिपत्रं शनिवारपर्यंत हवी होती. आकड्यांवर कुणाचा आक्षेप नव्हता, तरी दोन तास आवाज चढत राहिले. एकाला दोन गाड्यांचं पार्किंग हवं होतं, एकीचा जीव आवारातल्या बकुळीत अडकला होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू “मला नको” याच्या पुढे जायला तयार नव्हत्या.

मूल्यं म्हटलं की आपल्याला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो. मानसशास्त्रात त्यांचा अर्थ जास्त रोखठोक आहे. आयुष्यात काय महत्त्वाचं, याची प्रत्येकाच्या मनात एक उतरंड असते. दोन चांगल्या गोष्टींतली एक सोडायची वेळ आली की ती उघडी पडते.

शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये वीस देशांतल्या अभ्यासावरून दहा मूलभूत मूल्यं मांडली: सुरक्षितता, परंपरा, रीत पाळणं, आपल्या माणसांची काळजी, सर्वांचं आणि निसर्गाचं भलं, स्वतःच्या मताने जगणं, नावीन्य, सुखोपभोग, कर्तृत्व आणि सत्ता. यादीपेक्षा तिची मांडणी मला मोलाची वाटते. ही मूल्यं वर्तुळात बसतात. शेजारशेजारची एकमेकांना धरून असतात, समोरासमोरची एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. नावीन्याची ओढ असलेल्याला सुरक्षितता कुठेतरी सोडावी लागते. पुढे ऐंशीहून अधिक देशांत हा अभ्यास झाला आणि वर्तुळाचा ढोबळ आकार टिकून राहिला. बहुतेक समाजांत आपल्या माणसांची काळजी सर्वांत वर आणि सत्ता तळाशी येते, हेही दिसलं. मीटिंगमध्ये समोरच्याला स्वार्थी ठरवण्याआधी हे आठवायला हवं.

हे मोजायची रीतही सुंदर आहे. एका प्रश्नावलीत ‘मूल्य’ हा शब्द येतच नाही. एखाद्या माणसाचं दोन ओळींत वर्णन असतं, उदाहरणार्थ त्याला आपले निर्णय आपण घ्यायला आवडतात, आणि विचारतात, हा तुमच्यासारखा किती?

पण मूल्य मनात असलं तरी ते कृतीत उतरेलच असं नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षणाच्या चाळीस विद्यार्थ्यांना छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत दारापाशी कोसळलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्यासाठी काही ना काही करायला थांबले. खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. घाईने पडला.

आमच्या अध्यक्षांना हा प्रयोग माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांनी शनिवारची मुदत आठवडाभर पुढे ढकलून घेतली. रविवारी पुन्हा बसलो तेव्हा कागद बाजूला ठेवून त्यांनी प्रत्येकाला एकच विचारलं, “नव्या बिल्डिंगमध्ये तुमचं काय हरवेल?”

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा समोरच्या सूनबाईने दीड महिना डबा दिला. उद्या ती सातव्यावर आणि मी तिसऱ्यावर गेले तर?”

जुन्या घराचा हट्ट म्हणून आम्ही त्यांचं ‘नको’ परंपरेच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो. ते निघालं आपल्या माणसांच्या खात्यातलं. ती दोन्ही घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार, अशी एक ओळ करारात वाढली, आणि काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचून मगच सही केली.