पॅकेट रेडिओ मोडेम : नाशिक परिसरातील उभारणी आणि दोषशोधन

संगणकातील मजकूर हौशी रेडिओ संचावरून पाठवण्यासाठी त्याचे ध्वनीत, आणि समोरून आलेल्या ध्वनीचे पुन्हा मजकुरात रूपांतर करणाऱ्या साधनाला पॅकेट रेडिओ मोडेम म्हणतात. मजकुराचे छोटे तुकडे करून ते एकेक पाठवले जातात. या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखचिन्ह, असते. वेगळ्या पेटीत येणाऱ्या मोडेमला हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी मंडळी, टीएनसी म्हणतात. अलीकडे हेच काम साउंड कार्ड आणि डायरवुल्फसारखे सॉफ्टवेअर करते, त्यामुळे जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायही पुरतो.

१९७८ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे हौशी मंडळींनी पॅकेटचे पहिले प्रयोग केले. १९८४ मध्ये पॅकेट कसे बांधावे हे ठरवणाऱ्या एएक्स.२५ या नियमावलीची दुसरी आवृत्ती स्वीकारली गेली आणि जगभरचे मोडेम एकमेकांशी बोलू लागले. व्हीएचएफ पट्ट्यावर आजही १२०० बॉडचाच, म्हणजे सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाचाच, वापर जास्त आहे. त्यात १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन स्वर असतात. स्वर बदलला की ० आणि तसाच राहिला की १, असे वाचन होते. पॅकेटच्या शेवटी १६ बिटांची पडताळणी असते. एकही बिट चुकले तर साधा मोडेम अख्खे पॅकेट टाकून देतो. आवाजी संभाषणात खरखरीतूनही शब्द कळतो, इथे तशी सवलत नाही. म्हणून ‘स्पष्ट ऐकू येते, पण डीकोड होत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त आढळते, आणि तिचे मूळ बहुतेकदा संच व संगणक यांच्यामधल्या वायरीत आणि आवाजाच्या पातळीत सापडते.

नाशिकचा भूगोल या कामाला एकाच वेळी सोयीचा आणि अडचणीचा आहे. पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, उत्तरेला सप्तशृंगी, धोडप, चांदवड अशी सातमाळा रांग, दक्षिणेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे पंचवटीतल्या गच्चीवरून इगतपुरी किंवा सुरगाण्याकडे थेट पॅकेट जाईल अशी अपेक्षा धरू नये. उंचावर डिजिपीटर, म्हणजे ऐकलेले पॅकेट पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र, असेल तरच घाटमाथ्यापलीकडची गावे जोडली जातात. गोदावरीच्या पुरात, किंवा २०१५ सारख्या सिंहस्थाच्या गर्दीत मोबाइल जाळ्यावर ताण येतो, तेव्हा गंगापूर धरणाचा विसर्ग आणि दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर आले, एवढी माहिती एका पॅकेटात सहज मावते. आवाजी निरोपात आकडे हमखास चुकतात, तिथे या पडताळणीचे मोल कळते.

उभारणी ऐकण्यापासून सुरू करावी. संचाचा स्क्वेल्च, म्हणजे संकेत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय, पूर्ण उघडा ठेवावा, कारण तो उघडायला लागणाऱ्या क्षणात पॅकेटचे डोके कापले जाते. हँडी (हातातला संच) वापरत असल्यास बॅटरी सेव्हर आणि ड्युअल वॉच (दोन चॅनल आळीपाळीने ऐकणे) बंद करावेत. ज्या संचाला मागे सहा पिनांचा डेटा पोर्ट आहे त्याने तोच वापरावा, कारण तिथल्या आवाजाची पातळी व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून नसते. डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटसोबत आवाजाची पातळी दाखवते. ती ५० च्या आसपास ठेवावी. तिच्या पुढे कंसात दोन आकडे येतात, पहिला खालच्या स्वराचा, दुसरा वरच्या. स्पीकरच्या जॅकवरून आवाज घेतला तर संचातील डी-एम्फसिसमुळे, म्हणजे उंच स्वर कमी करणाऱ्या गाळणीमुळे, वरचा स्वर दबतो आणि दुसरा आकडा निम्म्यावर येतो. हे दिसले म्हणून घाबरू नये, सॉफ्टवेअर तेवढा फरक सांभाळून घेते. संगणकाच्या ध्वनी सेटिंगमधील आपोआप आवाज वाढवणाऱ्या आणि गोंगाट गाळणाऱ्या सोयी मात्र बंदच हव्यात.

प्रक्षेपणात पातळीचा प्रश्न अधिक गंभीर होतो. बहुतेक नवशिके आवाज चढवून ठेवतात, संचाचा लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा भाग) लाटांचे माथे कापतो आणि समोरच्याला काहीच डीकोड होत नाही. डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे वारंवारता किती सरकते ते, ३ ते ३.५ किलोहर्ट्झ असावे. मोजायचे साधन नसेल तर शेजारी दुसरा संच ठेवून ऐकावे. पातळी हळूहळू वाढवत न्यावी आणि आवाज वाढायचा थांबला की साधारण निम्म्यावर उतरवावी. ही जुनी युक्ती अजूनही भरवशाची आहे.

पीटीटी, म्हणजे संचाला प्रक्षेपणावर नेणारे बटण, संगणकाकडून दाबण्यासाठी सीरियल पोर्टची आरटीएस किंवा डीटीआर ही नियंत्रण वायर, किंवा सीएम१०८ चिप असलेल्या यूएसबी साउंड कार्डचा जीपीआयओ, म्हणजे चालू-बंद करता येणारी पिन, वापरतात. मध्ये एक ट्रान्झिस्टर किंवा पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत देऊन दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) घालावा. संगणक सुरू होताना आरटीएसची अवस्था क्षणभर बदलते आणि संच आपोआप प्रक्षेपणावर जातो, म्हणून संच नेहमी शेवटी चालू करावा. व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप प्रक्षेपण सुरू करणाऱ्या सोयीवर, काम भागते, पण आवाज थांबल्यावरही तो संचाला थोडा वेळ प्रक्षेपणात अडकवतो आणि तेवढ्यात आलेली पोच हुकते.

वेळेची मूल्ये किस, म्हणजे संगणक आणि मोडेम यांच्यातील बोलण्याच्या साध्या, पद्धतीत १० मिलिसेकंदांच्या एककात देतात. टीएक्सडिले, म्हणजे पीटीटी दाबल्यापासून पॅकेट सुरू होईपर्यंतचा थांबा, ३० ठेवला की ३०० मिलिसेकंद होतात, सुरुवातीला हे पुरे. आपले पॅकेट कुणीच ऐकत नसेल तर आधी हेच वाढवून पाहावे, चालू लागले की हळूहळू कमी करावे. पर्सिस्टन्स ६३ म्हणजे चॅनल मोकळे दिसल्यावर प्रत्येक वेळी पाठवण्याची शक्यता चारात एक. जुनी टीएनसी पेटी पडद्यावर निरर्थक अक्षरे दाखवत असेल तर सीरियल वेग जुळत नाही. काहीच दाखवत नसेल तर ती किस अवस्थेत राहिलेली असू शकते, १९२, २५५, १९२ हे तीन बाइट पाठवले की ती शुद्धीवर येते.

कमी शक्तीवर सगळे ठीक, शक्ती वाढवली की यूएसबी तुटते किंवा पीटीटी सुटतच नाही, असे झाल्यास रेडिओ लहरी वायरीतून संगणकात शिरत आहेत. वायर आखूड करावी, दोन्ही टोकांना फेराइट (रेडिओ लहरी अडवणारे कडे) लावावे, अँटेना टेबलापासून दूर न्यावी. आवाजात सतत गुणगुण येत असेल तर ती ग्राउंड लूप (संच आणि संगणक यांच्या ग्राउंड वायरींतून फिरणारा प्रवाह) आहे, ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळ मोटर ड्राइव्हचा गोंगाट कमकुवत पॅकेटांना मारतो, त्यावर अँटेनाची जागा बदलण्याखेरीज फारसा इलाज नाही. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात कोअॅक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, जोडात पाणी शिरते. पावसाआधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळणे हा खर्च टाळू नये.

आसपास पॅकेट पाठवणारे कुणी नसेल तर चाचणी आकाशातून करता येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा डिजिपीटर १४५.८२५ मेगाहर्ट्झवर असतो. अंतराळवीरांच्या कामांनुसार तो मधूनमधून बंद ठेवतात. स्थानक आपल्या आकाशातून जाण्याची एक फेरी जास्तीत जास्त दहा मिनिटांची असते. डॉपलरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, वारंवारता सुमारे ३.५ किलोहर्ट्झ वर-खाली सरकते, पण साधा एफएम संच बहुधा निभावून नेतो. गंगापूर धरणाच्या काठासारखी मोकळी जागा आणि हातात धरलेली यागी (एका दिशेला रोखलेली अँटेना) असली तर ऐकण्याची बाजू नीट जुळली की नाही ते एका फेरीत कळते.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा हौशी रेडिओ परवाना लागतो. तो हाती आल्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन मोडेममध्ये भरावे. त्यापुढचा ० ते १५ मधला एसएसआयडी, म्हणजे संच ओळखण्याचा जोडक्रमांक, प्रत्येक संचाला वेगळा ठेवावा, एकाच कॉलसाइनचे दोन संच सारख्या एसएसआयडीने चालले की पोचपावत्या गोंधळतात. मजकूर सांकेतिक करण्यास मनाई आहे. एपीआरएस, म्हणजे आपले स्थान आणि छोटे निरोप सर्वांना पाठवण्याची पॅकेट पद्धत, चालवताना मार्ग लांब, म्हणजे डिजिपीटरांच्या जास्त उड्यांचा, लावण्याचा मोह होतो. उंच डिजिपीटर थेट ऐकत असेल तर त्याची एक उडी पुरते, जास्त उड्यांनी तेच पॅकेट पुन्हा पुन्हा हवेत येऊन १२०० बॉडचे अरुंद चॅनल अडते आणि इतरांची पॅकेटे आपटतात.