दोघेही 'अपक्ष'च: तत्त्वासाठी उभा राहिलेला नागरिक आणि तिकीट न मिळालेला बंडखोर

मतदान यंत्रावर नावांचा क्रम ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसती नोंदणी असलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष. या शेवटच्या गटात दोन अगदी वेगळ्या जातकुळीची माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात. एक, आयुष्यात कधी पक्षाचा झेंडा न धरलेला नागरिक. दुसरा, महिन्याभरापूर्वीपर्यंत पक्षाच्या बॅनरवर झळकणारा आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्याच्या हाती पडल्यामुळे उभा राहिलेला बंडखोर.

कायदा या दोघांत फरक करत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, या दोघांनाही दहा लागतात. अनामत मात्र सगळ्यांना सारखीच: विधानसभेला 10,000 रुपये, लोकसभेला 25,000, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत की ती जप्त.

दहा सूचकांची अट आली 1996 साली, आणि तिच्यामागे मराठी माणसाचाही हात आहे. त्या वर्षी बेळगाव लोकसभा मतदारसंघात सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधण्यासाठी मराठी भाषकांनी ढिगानं अर्ज भरले आणि रिंगणात 456 उमेदवार राहिले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंडा लोकसभा मतदारसंघात फ्लोराइडच्या पाण्याला कंटाळलेल्या लोकांनी तेच केलं, तिथे 480. तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात तर 1,033. यातल्या बहुतेकांना निवडून यायचंच नव्हतं, गाऱ्हाणं मांडायचं होतं. त्याच वर्षी लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 झाली.

मग फरक ओळखायचा कसा? भाषणांवरून नाही. दोघेही 'जनता हाच माझा पक्ष' म्हणतात. पहिली खूण दिसते ती अर्ज माघारीच्या दिवशी. वर्तमानपत्रांत दर निवडणुकीला 'बंडोबा थंड झाले' असे मथळे येतात ते याच दिवसाचे. नेते बंगल्यावर येतात, मनधरणी होते, महामंडळ किंवा विधान परिषदेचा शब्द दिला जातो, काही जण फोन बंद करून 'नॉट रिचेबल' होतात. बंडखोराची उमेदवारी हा बऱ्याचदा पक्षाशी चाललेल्या घासाघिशीचाच एक टप्पा असतो. साध्या नागरिकाच्या दारात कुणी फिरकत नाही. त्याच्याकडे मागे घेण्यासारखं आहे काय, तर स्वतःचाच अर्ज.

दुसरा फरक यंत्रणेचा, आणि निकाल बहुधा इथेच लागतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांवर मतदार आणि साडेतीनशेच्या घरात मतदान केंद्रं असतात. प्रत्येक केंद्रावर आपला माणूस बसवायचा तर तेवढी माणसं आणायची कुठून? बंडखोराकडे ती असतात. कारखाना, सोसायट्या, दूध संघ, जिल्हा परिषदेतले आपले लोक हे सगळं पक्ष सोडताना तो बरोबर घेऊनच निघतो. त्यात चिन्ह मिळतं माघारीनंतर. 2024 च्या विधानसभेला माघारीची मुदत 4 नोव्हेंबरला संपली आणि प्रचार 18 ला. अवघ्या दोन आठवड्यांत नवं चिन्ह गावोगाव पोचवायचं होतं. त्या निवडणुकीत राज्यात दोनच अपक्ष आले, जुन्नर आणि चंदगडमधून. दोघेही बंडखोर.

त्याच वर्षी लोकसभेला सांगलीत काँग्रेसचे बंडखोर विशाल पाटलांनी 'लिफाफा' हे चिन्ह घेऊन मैदान मारलं. जागावाटपात सांगली ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, पण वसंतदादांच्या घराण्यामागची काँग्रेस जागची हलली नाही. याउलट 2009 मध्ये दक्षिण मुंबईत बँकेतलं मोठं पद बाजूला ठेवून मीरा संन्याल अपक्ष उभ्या राहिल्या. चर्चा भरपूर झाली, अनामत मात्र वाचली नाही. 2014 मध्ये त्या तिथूनच पुन्हा लढल्या, पण आम आदमी पक्षाच्या उमेदवार म्हणून. मतदारसंघ लहान असेल तर नागरिकालाही संधी असते. 2007 मध्ये जुहूच्या प्रभागातून नागरिकांनीच उभे केलेले अ‍ॅडॉल्फ डिसूझा मुंबई महापालिकेत निवडून गेले. प्रभाग पायी पालथा घालता येतो, लोकसभा मतदारसंघ नाही.

तिसरी खूण निकालानंतरची. 1995 च्या विधानसभेत 45 अपक्ष आले, बहुतेक काँग्रेसचे बंडखोर. शिवसेना-भाजप युतीकडे 138 आमदार होते, बहुमताला 145 हवे होते. युतीचं सरकार या अपक्षांच्या टेकूवर उभं राहिलं. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील त्यातलेच. अपक्ष म्हणून आले आणि युतीच्या मंत्रिमंडळात बसले.

पाठिंबा द्यायला कायद्याची आडकाठी नाही, पक्षप्रवेशाला आहे. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर कोणत्याही पक्षात गेला तर अपात्र ठरतो. म्हणूनच विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. गोव्यात पर्वरीचे अपक्ष आमदार रोहन खंवटे यांनी डिसेंबर 2021 मध्ये आधी आमदारकीचा राजीनामा दिला, मग भाजपमध्ये प्रवेश केला.

आता बंडखोर म्हणजे लबाड आणि नागरिक म्हणजे सज्जन, असा सरसकट शिक्का मारायला मी तयार नाही. पंधरा वर्षं मतदारसंघ बांधणाऱ्याला डावलून काल आलेल्याला तिकीट दिलं, तर त्याची चीड खरीच असते. उलट तत्त्वाचा उमेदवारही एका प्रश्नावर हमखास अडखळतो: त्रिशंकू सभागृह आलं तर हात कुणाच्या बाजूनं वर करणार? 'तेव्हा बघू' हे उत्तर देणाऱ्याला 1995 ची आठवण करून द्यावी.

मधलेही काही प्रकार आहेत. 'पुरस्कृत' अपक्ष हा त्यातला एक. 2019 मध्ये अमरावतीत नवनीत राणा काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर अपक्ष म्हणून जिंकल्या, पुढे भाजपच्या बाजूला गेल्या आणि 2024 ला भाजपच्याच उमेदवार झाल्या. नामसाधर्म्याचे अपक्ष ही आणखी एक जात. 2014 मध्ये रायगडात 'सुनील तटकरे' नावाचे दोन उमेदवार होते. त्यातल्या अपक्षाला हजारो मतं पडली आणि मूळ तटकरे त्याहून कमी फरकानं पडले.

सगळ्यात अवघड उदाहरण पणजीचं. 2022 मध्ये मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल यांना भाजपनं पणजी नाकारली आणि काँग्रेसमधून आलेल्या बाबुश मोन्सेरात यांना दिली. पक्षानं पुढे केलेले दुसरे मतदारसंघ उत्पल यांनी घेतले नाहीत. 'आप'नं तिकीट देऊ केलं, तेही घेतलं नाही. भाजपनं चांगला उमेदवार दिला तर आपण मागे हटू, असंही ते म्हणाले. एका बाजूनं पाहिलं तर वडिलांची जागा न मिळालेला बंडखोर, दुसऱ्या बाजूनं उमेदवाराच्या चारित्र्यावर अडून बसलेला नागरिक. पणजीच्या मतदारांनाही निवाडा सोपा गेला नसावा. उत्पल 716 मतांनी हरले.