आपत्तीतली कंपन्यांची जबाबदारी (मराठवाडा)

भूकंप, दुष्काळ, पूर नाहीतर साथ आली की कारखाने-कंपन्यांनी लोकांसाठी काय करायचं, म्हणजे नुसता मदतीचा ट्रक पाठवायचा का आपण वापरत असलेल्या पाण्याचा आणि राबवून घेत असलेल्या माणसांचाही हिशोब द्यायचा, तो हा विषय. मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांना अस्मानी संकट काही नवीन नाही, मोठी कारखानदारी मात्र छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालना अशा ठराविक ठिकाणीच एकवटलेली, परभणी-हिंगोलीकडं तर नावालाच.

कंपन्यांना समाजकार्यावर खर्च सक्तीचा करणाऱ्या कायद्याच्या आधीचं मोठं उदाहरण किल्लारीच्या भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच आडवे झालेले, आणि दगड-मातीच्या जाड भिंती वरच्या माळवदासकट, म्हणजे मातीच्या छतासकट, अंगावर आल्या, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. तेव्हा सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) वगैरे कुणी ऐकलेलं नव्हतं तरी देशभरातून संस्था, ट्रस्ट, कंपन्या आल्या, गावं दत्तक घेतली, सरकार आणि जागतिक बँकेचा पैसाही आला आणि ५२ गावं नव्या जागी बसवली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. घरं पक्की झाली ह्यात वादच नाही, पण शहरातल्या कॉलनीसारखे सरळ आखलेले रस्ते, शेत लांब, बैल कुठं बांधायचे आणि कडबा कुठं रचायचा हे नकाशा काढताना फारसं कुणी विचारलेलं दिसत नाही. मग कित्येक घरांत संडास-बाथरूममध्ये सरपण जाऊन बसलं.

आताचा कायदा म्हणजे कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, ह्यातलं एक जरी असलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर घालावे लागतात. आपत्ती व्यवस्थापन ह्या यादीत स्पष्टपणे आलं ते २०१९ मध्ये. कंपनी जिथं आहे त्या भागाला प्राधान्य द्या असंही कायदा म्हणतो, ऐकायला बरं वाटतं, पण ज्या जिल्ह्यात कंपनीच नाही त्यानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं. अजून एक गंमत, पीएम केअर्स ह्या कोविडमध्ये निघालेल्या पंतप्रधानांच्या निधीला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरतात, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला धरत नाहीत, हे कोविडच्या वेळी केंद्रानं स्पष्टच करून टाकलं. आणि फक्त स्वतःच्याच कामगारांसाठी केलेला खर्चही ह्यात बसत नाही.

२ टक्क्यांच्या पलीकडचा प्रश्न २०१६ ला उघडा पडला. मांजरा धरण कोरडं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावलेली, १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर. कृष्णाकाठचं पाणी मांजराकाठच्या घागरीत पडत होतं. लातूरकरांनी व्यापारी, डॉक्टर, सामान्य माणसं सगळ्यांकडून वर्गणी गोळा करून ‘जलयुक्त लातूर’ नावानं मांजरा नदीचं १८ किलोमीटर पात्र खोल केलं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापा, बाकीच्या उद्योगांचं २० आणि पुढं २५ टक्के कापा असा आदेश दिला. दुष्काळात टँकर वाटणं सोपं असतं, आपल्याच पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद करणं अवघड, ते कोर्टाला सांगावं लागलं.

माणसांच्या बाबतीत तेच. ८ मे २०२० च्या पहाटे जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातली ही माणसं जालन्यातल्या स्टील कारखान्यात कामाला होती, लॉकडाऊनमध्ये काम बंद, गाडी मिळेल म्हणून भुसावळकडं चालत निघालेली, दमून रुळावरच टेकली, गाड्या बंद आहेत असा समज. रुळांमध्ये पडलेल्या चपला आणि भाकरी-पोळ्या सगळ्या देशानं बघितल्या. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात जाण्या-येण्याचं भाडं ठेकेदारानं द्यायचं आणि त्यानं नाही दिलं तर मूळ मालकानं द्यायचं असं लिहिलेलं होतं. म्हणजे दानधर्माचा प्रश्नच नव्हता, पण ठेकेदार मध्ये आला की मजूर नेमका कुणाचा हेच कुणाला सांगता येत नाही, आणि मराठवाड्यातलेच लाखो ऊसतोड कामगार मुकादमाच्या उचलीवर (आगाऊ दिलेल्या पैशावर) परमुलखात जातात त्यांचंही ह्याहून वेगळं नाही.

ह्या विषयात विमा कंपन्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही, खरं तर शेतकऱ्याचा आपत्तीत ज्या कंपनीशी थेट संबंध येतो ती हीच. पावसानं नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं असा नियम होता, म्हणजे माणूस गुडघाभर पाण्यात सोयाबीनचा फोटो काढतोय, रेंज नाही, ॲप फिरत बसलंय. महाराष्ट्रात १ रुपयात पीक विमा २०२३ ला आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, भरपाई पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांतलं पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर) गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडं नद्या शेतात शिरल्या, परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, काही ठिकाणी पीक राहू द्या, खालची मातीच वाहून गेली. विमा पिकाचा असतो, जमिनीचा नाही, त्यामुळं खरडून गेलेल्या रानाचा विषय विमा कंपनीच्या टेबलावर येतच नाही, तो सरकारच्या ऑक्टोबरमधल्या पॅकेजवर आणि गाळ-माती आणून टाकायला ट्रॅक्टर देणाऱ्या शेजाऱ्या-पाजाऱ्यांवर गेला.