जग जिंकायला निघालेले दोन उंदीर कॉमिक्समध्ये कसे आले

डीसी कॉमिक्सच्या ‘पिंकी अँड द ब्रेन’ या मासिकाचा पहिला अंक जुलै १९९६चा. सुपरमॅन आणि बॅटमॅन वर्षानुवर्षे जगाला वाचवत होते, त्याच प्रकाशनसंस्थेतून आता प्रयोगशाळेतले दोन पांढरे उंदीर तेच जग खिशात घालायला निघाले. नोव्हेंबर १९९८पर्यंत २७ अंक निघाले. जग होते तिथेच राहिले.

ही जोडी जन्मली मात्र टीव्हीसाठी. १९९०च्या सुमारास वॉर्नर ब्रदर्सच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ‘टायनी टून अ‍ॅडव्हेंचर्स’ या कार्टून मालिकेचे काम चालू होते. तिथे एडी फिट्झगेराल्ड आणि टॉम मिंटन हे दोघे सहकारी होते. फिट्झगेराल्डच्या तोंडी ‘नार्फ’ आणि ‘ईगॅड’ असे चमत्कारिक उद्गार सतत असायचे, तर मिंटन अबोल, गंभीर चेहऱ्याचा. या दोघांनी जग जिंकायचे ठरवले तर काय होईल, असा विचार निर्माता टॉम रूगरच्या डोक्यात आला. चित्रकार ब्रूस टिमने या दोघांचे व्यंगचित्र काढलेले होतेच. रूगरने त्याला उंदरांचे कान आणि नाक चिकटवले आणि काम झाले: फिट्झगेराल्डचा झाला भाबडा पिंकी, मिंटनचा झाला हुशार ब्रेन. सप्टेंबर १९९३मध्ये ‘अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स’ ही कार्टून मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्यातल्या छोट्या भागांत हे उंदीर पडद्यावर आले.

तसे पाहिले तर कट रचणारे उंदीर वॉर्नरच्या घरात नवे नव्हते. कार्टून-दिग्दर्शक चक जोन्सने १९४३मध्येच ह्युबी आणि बर्टी आणले होते. ह्युबी डोकेबाज, बर्टी त्याचा होयबा, आणि दोघांचा उद्योग म्हणजे मांजराला वेड लावणे. स्निफल्स हा दुसरा उंदीर तर १९४१पासून डेल या प्रकाशनसंस्थेच्या ‘लूनी ट्यून्स’ कॉमिक्समध्ये होता. तिथे मेरी जेन नावाची मुलगी जादूच्या वाळूने उंदराएवढी होऊन त्याच्याबरोबर हिंडायची. अर्थात या जुन्या उंदरांची महत्त्वाकांक्षा घर, स्वयंपाकघर आणि मांजर यांच्यापलीकडे गेली नाही. पिंकी आणि ब्रेन यांच्यासाठी काळ बदललेला होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या जनुक बदललेल्या ‘ऑन्कोमाउस’ला १९८८मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले आणि प्रयोगशाळेतला उंदीर बातम्यांत आला. अ‍ॅक्मी लॅब्स या मालिकेतल्या प्रयोगशाळेत राहणाऱ्या या दोघांवरही जनुकांचेच प्रयोग झालेले दाखवले आहेत. ऑन्कोमाउस थेट डोळ्यांपुढे ठेवून ही पात्रे घडवली असा माझा दावा नाही. पण प्रेक्षकाला हे चटकन पटले, यामागे त्या बातम्यांचा हात असावा.

सूत्र पहिल्याच गोष्टीत ठरून गेले. ब्रेनला आपल्या यंत्रासाठी ९९,००० डॉलर हवे असतात, म्हणून तो टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत उतरतो. जगातले सगळे ज्ञान त्याच्याजवळ, पण तो अडतो कुठे? एका जुन्या विनोदी मालिकेतल्या संवादावर. पिंकी ती मालिका मिटक्या मारत पाहत असतो, आणि ब्रेनला ती फालतू वाटते. डोंगर पोखरून उंदीर काढणे म्हणतात ते हेच, फक्त इथे डोंगर पोखरणाराही उंदीरच. पुढच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी याच वळणाने गेल्या: योजना अचूक, पण घात होतो कधी पिंकीच्या भाबडेपणामुळे, कधी ब्रेनच्या गर्वामुळे. माझ्या मते गर्वाच्या गोष्टी जास्त रंगल्या आहेत.

सप्टेंबर १९९५मध्ये या जोडीला स्वतंत्र मालिका मिळाली. डब्ल्यूबी ही वाहिनी त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेली. तिने उंदरांना रविवारी संध्याकाळी उभे केले ते थेट ‘सिक्स्टी मिनिट्स’ या बलाढ्य बातमी-कार्यक्रमासमोर! तिथे टिकाव लागणे कठीणच होते. मालिका लवकरच मुलांच्या वेळेत गेली. तरी तिच्या नाताळ विशेष भागाला १९९६चे एमी हे टीव्हीचे पारितोषिक मिळाले.

कॉमिक्समधला प्रवेश हा कंपनीच्या हिशेबाचा भाग. डीसी आणि वॉर्नर १९६९पासून एकाच मालकाच्या छत्राखाली होते. डीसीने १९९४मध्ये ‘लूनी ट्यून्स’ आणि १९९५मध्ये ‘अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स’ ही मासिके काढली. उंदरांचा नाताळ विशेषांक जानेवारी १९९६चा, आणि सहा महिन्यांनी नियमित मासिक.

कागदावर खरी अडचण आवाजाची होती. मॉरिस लमार्शने ब्रेनला दिलेला आवाज अमेरिकन नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या धाटणीचा, घुमणारा. रॉब पॉल्सनचा पिंकी कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारवस्तीतल्या, उच्चारात बागडणारा. वेल्सने जाहिरातीचे ध्वनिमुद्रण करताना घातलेला वाद प्रसिद्ध आहे, आणि त्यावर बेतलेला ‘अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स’मधला एक अख्खा भाग आवाजाशिवाय उभाच राहत नाही. कॉमिक्समध्ये आवाज वाचकाने मनातून पुरवायचा. म्हणून जेसी लिऑन मॅकॅनसारख्या लेखकांना ब्रेनच्या जडजंबाळ वाक्यांवर भर द्यावा लागला, आणि वॉल्टर कार्झॉनसारख्या चित्रकारांना ब्रेनच्या अर्धवट मिटलेल्या पापण्या आणि पिंकीचे पुढे आलेले दात यांच्याकडून तेच काम करून घ्यावे लागले. मालिका न पाहिलेल्या वाचकाला हे अंक थोडे कोरडे वाटत असणार.

वेळही वाईट होती. अमेरिकेतली कॉमिक्सची बाजारपेठ १९९३नंतर घसरत गेली, डिसेंबर १९९६मध्ये डीसीची प्रतिस्पर्धी मार्व्हल हिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यात टीव्हीवरही फेरबदल झाले. सप्टेंबर १९९८मध्ये वाहिनीच्या आग्रहाने दोघांना एल्मायरा या प्राण्यांना जीव गुदमरेपर्यंत कवटाळणाऱ्या मुलीच्या घरी पाठवले. नव्या मालिकेच्या शीर्षकगीतातच ब्रेन या फेरबदलावर कुरकुरतो. ती १३ भागांतच आटोपली. मूळ मालिका आणि स्वतंत्र मासिक, दोन्ही १९९८च्या नोव्हेंबरात थांबली.

उंदीर मात्र ‘अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स’च्या मासिकात बिऱ्हाड हलवून राहिले. ४३व्या अंकापासून मुखपृष्ठावर त्यांचेही नाव लागले, आणि एप्रिल २०००च्या ५९व्या अंकापर्यंत ते टिकले. एल्मायराची मालिकाही संपल्यावर ब्रेनचे नवे बेत शिजत होते ते प्रामुख्याने याच पानांवर.